न दिसणारे विष आणि आपले दूध

आपल्या शेतकरी घरांत एके काळी दोन पांढरट पावडरी हमखास असत. एक डी.डी.टी. आणि दुसरी बी.एच.सी., जिला पुष्कळ जण गॅमेक्सिन म्हणत. भातावर अळी पडली, धुरळा पावडर. म्हशीच्या अंगावर गोचीड झाले, चोळा पावडर. खाटेत ढेकूण झाले, टाका पावडर. कणगीत किडे दिसले, पसरा बुडाशी पावडर. हिवतापाच्या मोहिमेतील माणसे पंप घेऊन गावात येत, भिंतींवर फवारा मारीत आणि दारावर तारीख लिहून जात. त्यात वावगे काही आहे असे कोणालाच वाटत नसे. त्या पावडरींनी माणसे वाचविली होती आणि पिके राखली होती.

आज या दोन्ही पावडरी आपल्या शेतीतून हद्दपार झाल्या आहेत. डी.डी.टी.चा शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबविण्यात आला आणि बी.एच.सी.वर १९९७ मध्ये बंदी आली. पण दुकानातून गेलेली वस्तू जमिनीतून, पाण्यातून, गाईच्या दुधातून आणि आपल्या अंगातून गेली काय? ते ओळखायचे कसे? आणि सापडली, तर तिच्यापासून अपाय होणार की नाही, हे कोणी व कशावरून ठरवायचे? शेतकरी बंधुभगिनींनो, या प्रश्नांची उत्तरे शक्य तितक्या सोप्या भाषेत पाहू. शेवटी घरात व शेतात काय काळजी घ्यावी, तेही पाहू.

आधी उपकार, मग चिंता

डी.डी.टी. हा पदार्थ ओथमार झाइडलर या रसायनशास्त्रज्ञाने १८७४ मध्येच तयार केला होता. परंतु तो किडे मारतो हे स्वित्झर्लंडमधील पॉल म्यूलर यांना १९३९ मध्ये आढळले. त्याबद्दल १९४८ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कीटकनाशकाच्या शोधाला वैद्यकाचे पारितोषिक का, असे कोणी विचारील. त्या वेळचा हिवताप ज्यांनी पाहिला, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास आपल्या देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख माणसे त्याने मरत. १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घरोघर डी.डी.टी. फवारण्यात आली, आणि १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या एका लाखावर आली.

पुढे दोन गोष्टी घडल्या. पहिली, डासांना या औषधाची सवय झाली आणि मोहिमेतही ढिलाई आली. १९७६ मध्ये हिवतापाचे रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. दुसरी, अमेरिकेतील रेचेल कार्सन या विदुषीने १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहून, ही औषधे किड्यांवर थांबत नाहीत, पक्षी, मासे आणि माणूस यांच्यापर्यंत पोहोचतात, हे पुराव्यांनिशी लोकांपुढे मांडले. १९७२ मध्ये अमेरिकेने डी.डी.टी.चा शेतीतील वापर बंद केला.

चिवट विष कशाला म्हणतात

शास्त्रज्ञ या पदार्थांना ‘दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषके’ म्हणतात. यातील ‘सेंद्रिय’ या शब्दाने गोंधळून जाऊ नये. शेणखताच्या सेंद्रिय शेतीशी त्याचा संबंध नाही. रसायनशास्त्रात कार्बन असलेल्या संयुगांना सेंद्रिय म्हणतात, एवढाच त्याचा अर्थ. आपण त्यांना साधेपणाने ‘चिवट विषे’ म्हणू. त्यांचे चार गुण ओळखून ठेवावेत.

पहिला गुण, ती लवकर कुजत नाहीत. शेण, पाला, मेलेले जनावर, सर्व काही मातीत मिसळून जाते, परंतु डी.डी.टी. जमिनीत वर्षानुवर्षे राहू शकते. तिचे रूपांतर झाले तरी होते डी.डी.ई. नावाच्या पदार्थात, आणि तो मूळ विषाहूनही चिवट.

दुसरा गुण, ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. म्हणून ती लघवीवाटे निघून न जाता शरीरातील चरबीत साठतात आणि दूध, लोणी, तूप, अंडी, मांस व मासे यांत सापडतात.

तिसरा गुण, ती एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाताना वाढत जातात. चौथा गुण, ती वाऱ्याबरोबर फार दूर जातात. उष्ण प्रदेशात त्यांची वाफ होते, थंड प्रदेशात ती खाली बसतात, पुन्हा उडतात, पुन्हा बसतात. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ मुलखात इन्युइट लोक राहतात. तेथे शेती नाही. तरीही १९८० नंतरच्या दशकात उत्तर क्वेबेकमधील इन्युइट मातांच्या दुधात ही विषे दक्षिणेकडील मातांपेक्षा जास्त आढळली. सील आणि देवमासा यांची चरबी हे तेथील लोकांचे रोजचे अन्न, त्यामुळे जगाने फवारलेले त्यांच्या ताटात आले.

अशा पदार्थांना आळा घालण्यासाठी २२ मे २००१ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. तो १७ मे २००४ पासून अमलात आला आणि भारताने जानेवारी २००६ मध्ये त्याला मान्यता दिली. सुरुवातीला त्यात बारा विषे होती. त्यांपैकी नऊ तर शेतीत किंवा कीड मारण्यासाठी वापरलेली होती: आल्ड्रिन, डायल्ड्रिन, एन्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर, मायरेक्स, टॉक्झाफेन, हेक्झाक्लोरोबेन्झीन आणि डी.डी.टी. पुढे या यादीत लिंडेन, एंडोसल्फान, डायकोफॉल यांची भर पडली. २०२५ मध्ये क्लोरपायरीफॉस हे वाळवीसाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे औषधही यादीत घालण्यात आले. मात्र त्याच्या काही ठरावीक उपयोगांना काही काळ सूट ठेवण्यात आली.

थेंबाचे तळे कसे होते

विष वाढत जाते म्हणजे काय, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील ‘क्लिअर लेक’ या तळ्याने दाखविले. तेथे चिलटांचा फार उपद्रव होई. म्हणून १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये डी.डी.टी.चे भावंड असलेले डी.डी.डी. हे औषध तळ्यात सोडण्यात आले. प्रमाण अगदी अल्प होते, पाण्याच्या दहा लाख भागांत ०.०२ भाग. काही काळाने ग्रीब नावाचे पाणपक्षी मरू लागले. त्यांच्या चरबीत हेच औषध दहा लाख भागांत १,६०० भाग इतके निघाले, म्हणजे पाण्याच्या ऐंशी हजार पट.

हे झाले कसे? पाण्यातील सूक्ष्म जीवांनी थोडे घेतले. असे असंख्य जीव लहान माशाने खाल्ले, असे पुष्कळ लहान मासे मोठ्या माशाने खाल्ले, आणि मोठे मासे पक्ष्याने खाल्ले. अन्न पचून गेले. विष मात्र चरबीत उरले. माणूस या साखळीच्या शेवटच्या टोकाला आहे. आणि त्याच्याही पुढे एक कडी आहे, ती म्हणजे आईच्या अंगावर पिणारे मूल.

दुधाने दाखविलेला आरसा

आपल्या देशात याची मोठी तपासणी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केली. तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. बारा राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने घेण्यात आले. त्यांपैकी सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डी.डी.टी. सापडली. दुधासाठी ठरविलेली मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. सुमारे ३७ टक्के नमुने या मर्यादेपलीकडे गेले होते, आणि सर्वांत वाईट नमुन्यात किलोमागे २.२ मिलिग्रॅम एवढी डी.डी.टी. होती.

मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण सर्वांत जास्त महाराष्ट्रात होते, ७४ टक्के. त्यानंतर गुजरात ७० टक्के आणि आंध्र प्रदेश ५७ टक्के. बडोदे आणि हैदराबाद येथील वाचकांनी हे आकडे आपलेच समजावेत. त्याच तपासणीत लहान मुलांच्या डब्यातील दुधाच्या २० व्यापारी प्रकारांचे १८६ नमुने पाहण्यात आले. त्यांतील सुमारे ७० टक्क्यांत डी.डी.टी. आणि ९४ टक्क्यांत बी.एच.सी. आढळली.

दुधात हे आले कोठून? कोणी दुधात भेसळ केली नव्हती. पावडर धुरळलेल्या भाताचे पिंजर गाईने खाल्ले. सरकीची पेंड व तांदळाचा कोंडा यांतून ती पोटात गेली. गोठ्याच्या भिंतींवर फवारा झाला, त्या भिंती जनावरांनी चाटल्या. गोचिडांसाठी अंगावर चोळलेली पावडर कातडीतून आत गेली. गाईने हे सारे चरबीत साठविले आणि दुधाच्या साईतून बाहेर टाकले.

मोजतात कसे

येथे आधी मापे समजून घेऊ. दहा क्विंटल भातात एक ग्रॅम विष मिसळले, तर ते दहा लाखांत एक भाग होते. एक हजार टन भातात, म्हणजे दहा टनी शंभर ट्रक भातात, एक ग्रॅम मिसळले, तर ते अब्जात एक भाग. प्रयोगशाळेतील यंत्रे एवढे अल्प प्रमाणही ओळखतात. नमुन्यातील चरबी वेगळी काढतात, ती स्वच्छ करून तिच्यातील द्रव्ये तापवून त्यांची वाफ करतात, आणि ती वाफ केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांब नळीतून सोडतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला नळीच्या शेवटी पोहोचतो, आणि तेथे त्याच्या कणांचे वजन करून तो कोण हे पक्के करतात.

एवढेच नव्हे, विष जुने की नवे, तेही कळते. नमुन्यात डी.डी.टी. जास्त व डी.डी.ई. कमी असेल, तर नुकताच कोणी तरी वापर केलेला आहे. डी.डी.ई. जास्त असेल, तर ते जुने शिल्लक आहे. बी.एच.सी.चेही तसेच. तिच्यात तीच रसायने पण निरनिराळ्या घडणीची असतात. कीड मारणारा भाग फक्त गॅमा हा, आणि तो पावडरीत सातवा-आठवा हिस्साच असे. बाकीचा माल कीड न मारता जमिनीत पडून राही. त्यातील बीटा हा भाग शरीरात सर्वांत जास्त काळ टिकतो.

जगभर देखरेख ठेवण्यासाठी स्टॉकहोम कराराने मुख्यतः हवा आणि माणसाचे दूध किंवा रक्त निवडले आहे. पाण्यात विरघळणाऱ्या काही नव्या विषांसाठी पाणीही तपासतात. हवेसाठी दोन वाडगी एकमेकांवर पालथी-उताणी ठेवल्यासारखे एक साधे उपकरण असते. त्यात स्पंजाची चकती ठेवून ते सुमारे तीन महिने उघड्यावर टांगतात. त्याला वीज लागत नाही. वाऱ्याने आलेले विष चकतीत शोषले जाते.

आईच्या दुधाची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८७ पासून घालून दिली. देशातील साधारण पन्नास निरोगी माता निवडतात. पहिलेच बाळंतपण, वय शक्यतो तिशीच्या आत, आणि त्याच भागात गेली दहा वर्षे वास्तव्य, अशा अटी असतात. मूल तीन ते आठ आठवड्यांचे असताना थोडे दूध घेतात व सर्वांचे सारखे भाग एकत्र करून तपासतात. पहिलेच बाळंतपण का? कारण दर मुलागणिक आईच्या अंगातील साठा थोडा थोडा उतरतो. सर्व देशांना एकच नियम लावला, तरच आकड्यांची तुलना खरी होते. आपल्याकडे या करारासंबंधीचे आशियाचे विभागीय केंद्र नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नीरी’त आहे.

सापडले म्हणजे बाधलेच काय?

नाही. हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, नाहीतर एक तर आपण घाबरून जातो, नाहीतर सारेच थट्टेवारी नेतो. नाग विषारी खराच. पण तो रानात आहे की अंथरुणाजवळ आहे, यावर आपली जोखीम ठरते. तज्ज्ञ चार प्रश्न क्रमाने विचारतात. हा पदार्थ काय अपाय करू शकतो? किती मात्रेला अपाय होतो? आपल्या पोटात रोज किती जाते? आणि शेवटी, हे तिन्ही एकत्र करून, धोका कोणाला आणि किती?

डी.डी.टी.चेच उदाहरण घेऊ. उंदरांवरील प्रयोगांत, वजनाच्या किलोमागे रोज १ मिलिग्रॅम इतक्या मात्रेपर्यंत पिलांच्या वाढीवर परिणाम दिसला नाही. माणूस उंदराहून नाजूक असू शकेल, आणि माणसामाणसांतही फरक असतो, म्हणून त्या आकड्याला शंभराने भागले. अशा रीतीने २००० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी माणसासाठी किलोमागे रोज ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली.

आता घरचा हिशेब करू. दुधात मर्यादेइतकी, म्हणजे किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम डी.डी.टी. आहे असे धरा. पन्नास किलो वजनाच्या माणसाने अर्धा लिटर दूध घेतले, तर रोजच्या मर्यादेचा विसावा भाग त्याच्या पोटात गेला. तेच दूध दहा किलो वजनाच्या मुलाने घेतले, तर चौथा भाग झाला. आणि मुलाला मिळालेले दूध त्या २.२ मिलिग्रॅमच्या नमुन्यासारखे असेल, तर ते मर्यादेच्या अकरा पट होते. दूध एकच, पण बापाला आणि लेकराला जोखीम सारखी नाही. म्हणून तपासणीचे नियम मुलांकडे पाहून करावे लागतात. शिवाय भात, डाळ, तेल, मासे यांतून जे जाते, ते या हिशेबात अजून धरलेलेच नाही.

अपाय कोणते? कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन, म्हणजे बी.एच.सी.चा तो गॅमा भाग, माणसात कर्करोग करणारा आहे असे ठरविले, आणि डी.डी.टी. बहुधा करणारी आहे असे म्हटले. यांखेरीज शरीरातील अंतःस्रावी ग्रंथींचे काम, मुलांची वाढ आणि प्रजननशक्ती यांवर परिणामांचे पुरावे आहेत. ही विषे तडकाफडकी मारीत नाहीत, म्हणूनच ओळखायला कठीण जातात.

कासरगोडचा धडा

गोव्यात आणि खानापूर-चंदगडच्या बाजूला काजू लावणाऱ्या बंधूंनी ही हकीकत विशेष ध्यानात घ्यावी. केरळात, कर्नाटकाच्या सीमेला लागून कासरगोड जिल्हा आहे. तेथील सरकारी काजूमळ्यांवर १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले जाई. मळे डोंगरमाथ्यावर आणि घरे, विहिरी, ओढे उतारावर व दरीत. वरून पडलेले औषध मळ्यापुरते राहणे शक्यच नव्हते.

लोकांना आधी खूण पटली ती जनावरांवरून. वाकड्या पायांची वासरे जन्मू लागली, आणि पत्रकार श्री पद्रे यांनी ते लिहून प्रसिद्ध केले. पुढे गावातील डॉक्टरांना एका लहानशा टापूत मतिमंदत्व, फेफरे, जन्मजात व्यंग असलेले रुग्ण फार दिसू लागले. लीलाकुमारी अम्मा या कृषी खात्यातील महिलेने न्यायालयाचे दार ठोठावले.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने २००१ मध्ये तेथे तपासणी केली. फवारणी झालेल्या गावातील ११७ शाळकरी मुलगे आणि दूरच्या, फवारणी न झालेल्या गावातील ९० मुलगे यांची तुलना करण्यात आली. शेवटची फवारणी होऊन महिने लोटले होते, तरी पहिल्या गटाच्या रक्तात अब्जात सरासरी सुमारे साडेसात भाग एंडोसल्फान होते. दुसऱ्या गटात दीड भागाहून कमी. पहिल्या गटातील मुले उशिरा वयात येत होती. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर आक्षेपही घेण्यात आले, वादही झाले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली, त्याच वर्षी ते स्टॉकहोमच्या यादीत गेले, आणि जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने केरळ सरकारला पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

यातून घ्यायचा धडा असा. पहिली फवारणी होण्याआधी कोणी पाण्याचे, दुधाचे, मुलांच्या रक्ताचे नमुने घेऊन ठेवले असते आणि दर वर्षी तपासले असते, तर वीस वर्षे वाद घालण्याची पाळी आली नसती. देखरेख आधी हवी. आजार पसरल्यावर केलेली तपासणी फार तर नुकसानभरपाई मिळवून देते. गेलेले आरोग्य परत देत नाही.

बियाण्याचा गहू आणि तुर्कस्तानातील मुले

१९५५ ते १९५९ या काळात तुर्कस्तानच्या आग्नेय भागात पेरणीसाठी दिलेल्या गव्हाला बुरशी लागू नये म्हणून हेक्झाक्लोरोबेन्झीन लावलेले होते. दारिद्र्यामुळे लोकांनी तो गहू दळून भाकरी करून खाल्ली. तीन ते चार हजार माणसे आजारी पडली. उन्हाने कातडीला फोड येऊ लागले, अंगावर काळे डाग पडले. आजारी मातांची अंगावर पिणारी मुले तर फार मोठ्या संख्येने दगावली. औषध लावलेले बियाणे उरले, तर ते जनावरांनाही घालू नये, याचे कारण हे आहे.

आईचे दूध बंद करावे काय?

मुळीच नाही. हे वाचून एखाद्या बाळंतिणीच्या मनात शंका आली असेल, तर तिने ती आजच काढून टाकावी. तुर्कस्तानात मातांनी विष लावलेले धान्य रोज पोटभर खाल्ले होते. ती गोष्ट वेगळी. आपल्या रोजच्या परिस्थितीत आईच्या दुधाचे फायदे त्यातील अल्प विषाच्या जोखमीहून कितीतरी मोठे आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. अतिसार, न्यूमोनिया यांपासून बाळाला राखणारे दुसरे दूध नाही. आणि डब्याच्या दुधातही विष सापडले होतेच, हे वर सांगितले आहे. दूध तपासतात ते बंद करण्यासाठी नव्हे, देशाची हवा व अन्न सुधारले की नाही हे पाहण्यासाठी.

ते सुधारते, हाही अनुभव आहे. स्टॉकहोममध्ये १९६० नंतरच्या दशकापासून मातांचे दूध तपासून नोंदी ठेवल्या आहेत. बंदीनंतर पंचवीस-तीस वर्षांत त्यातील डी.डी.टी. फार मोठ्या प्रमाणात उतरली. आपल्याकडेही लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील तपासण्यांत दुधातील जुन्या विषांचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी झालेले दिसले. बंदी हळू फळते, पण फळते.

घरात आणि शेतात काय करावे

१. माळ्यावर, गोठ्यात किंवा जुन्या पेटीत नाव पुसलेला पावडरीचा डबा असेल, तर तो वापरू नये; विहिरीत, ओढ्यात टाकू नये; पुरू नये, जाळू नये. कोरड्या जागी, मुलांपासून दूर कुलपात ठेवावा व कृषी कार्यालयास कळवावे. बेळगावच्या बाजूस रयत संपर्क केंद्र, गोव्यात विभागीय कृषी कार्यालय ही विचारण्याची ठिकाणे आहेत.

२. औषध नेहमी सीलबंद व पावतीसह घ्यावे. सुटी, पुडीतली पावडर घेऊ नये. डायकोफॉलवर आपल्या देशात २०२३ मध्ये बंदी आली आहे. जुना साठा कोणी स्वस्तात देऊ लागला तरी घेऊ नये.

३. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जावे लागतात, ते चिठ्ठीवर लिहिलेले असते. ते दिवस पाळावेत. फवारलेल्या शेतातील गवत, पिंजर, पाला तेवढे दिवस गुरांना घालू नये.

४. धान्य साठविताना पावडर मुळीच नको. धान्य कडक उन्हात वाळवावे, गार झाल्यावर हवाबंद पत्र्याच्या कोठीत भरावे, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा.

५. औषधाची रिकामी बाटली तीन वेळा धुऊन ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, मग बाटलीला भोक पाडावे. तीत रॉकेल, तेल किंवा पाणी भरू नये.

६. प्लॅस्टिक, ठिबकाच्या जुन्या नळ्या, टायर, औषधाच्या पिशव्या जाळू नयेत. त्या धुरातून डायऑक्सिन व फ्युरान ही विषे तयार होतात. त्या बारा विषांत त्यांचीही नावे आहेत. राख ज्या अंगणात पडते, तेथे कोंबड्या माती टोचतात आणि विष अंड्यात उतरते. म्हणूनच कचरा जाळण्याच्या जागेजवळची गावठी अंडी शास्त्रज्ञ मुद्दाम तपासतात.

७. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे तेल सांधेदुखीवर चोळू नये, गुरांच्या जखमेला लावू नये, चुलीत घालू नये. काही जुन्या ट्रान्सफॉर्मरांत पी.सी.बी. नावाचे चिवट विष असते. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत त्याचा वापर संपवायचा, असे सरकारने २०१६ च्या आदेशाने ठरविले होते.

८. भाजी व फळे वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत. मांसावरची जादा चरबी काढून टाकावी. एकाच प्रकारचे अन्न रोज न खाता आलटून पालटून खावे, म्हणजे एकाच मार्गाने विष साठत नाही.

९. दूध सोसायटीत घालणाऱ्यांनी सभेत विचारावे की दुधातील कीटकनाशकांची तपासणी होते काय, कधी झाली, आणि काय निघाले. चरबी व फॅटचा भाव आपण दर आठवड्याला विचारतो. वर्षातून एकदा हेही विचारण्यास हरकत नाही.

आपल्या आईवडिलांनी ही पावडर वापरली ती माहिती नव्हती म्हणून. आपल्याला आता माहिती आहे. आज जमिनीत टाकलेले चिवट विष आपल्या नातवंडांच्या दुधापर्यंत पोहोचू शकते. आणि आज न टाकलेले मुळीच पोहोचत नाही. तेव्हा या आठवड्यात एवढे तरी करावे: माळ्यावर चढून जुने डबे पाहावेत.